दुसरी गुलामगिरी

१८७३ हे साल आपल्या लक्षात राहतं ते एका पुस्तकामुळे. त्या वर्षी जोतीराव फुले यांचं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं. पुस्तक आपल्याकडच्या जातींच्या उतरंडीवरचं, पण ते अर्पण केलंय अमेरिकेतल्या भल्या माणसांना. तिथल्या काळ्या गुलामांच्या बेड्या तोडायला ज्यांनी स्वतःच्या जिवाची आणि पैशाची पर्वा केली नाही, त्यांच्याकडे बघून आमच्या देशबांधवांनीही काही शिकावं, अशी जोतीरावांची इच्छा. बी.ए.ला असताना मी ते पान पहिल्यांदा वाचलं आणि तेव्हापासून एक प्रश्न मनात राहिला. ज्यांना हे पुस्तक अर्पण केलं ती माणसं त्या वेळी, म्हणजे नेमकं १८७३ साली, काय करत होती? युद्ध संपून आठ वर्षं झाली होती. गुलाम मुक्त झाले होते. मग पुढे?

या ‘पुढे’चं उत्तर शोधताना मला एक माणूस भेटला. त्याच १८७३ च्या नोव्हेंबरात तो मिसिसिपी राज्याचा गव्हर्नर म्हणून निवडून आला. अ‍ॅडलबर्ट एम्स त्याचं नाव. (नाव ऐकून दिल्लीचं रुग्णालय आठवेल, पण त्याला इलाज नाही.) सेनापती, सिनेटर, गव्हर्नर अशी तिन्ही पदं त्याने वयाच्या चाळिशीच्या आत भोगली आणि चाळिशी उलटते न उलटते तोच त्याचं सार्वजनिक आयुष्य जवळजवळ संपलं. पुढची सत्तावन्न वर्षं तो जगला. त्याची ही गोष्ट.

एम्सचा जन्म १८३५ चा, अमेरिकेच्या अगदी ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्यातला. बाप जहाजाचा कप्तान. पोरगाही लहानपणी बापाबरोबर समुद्रावर जाऊन आलेला. पुढे तो वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात दाखल झाला आणि १८६१ च्या मे महिन्यात पास होऊन बाहेर पडला. त्याच्या आदल्याच महिन्यात यादवी युद्धाला तोंड फुटलं होतं. जुलैमध्ये बुल रनच्या पहिल्या मोठ्या लढाईत हा पंचवीस वर्षांचा अधिकारी तोफखान्यावर होता. मांडीत गोळी घुसली. उभं राहता येईना, तेव्हा शिपायांनी त्याला दारूगोळ्याच्या गाड्यावर बसवलं. तिथे बसून तो हुकूम देत राहिला. बसण्याचीही ताकद संपली तेव्हाच मैदानातून हलला. या शौर्याबद्दल त्याला अमेरिकेतलं सर्वोच्च पदक, मेडल ऑफ ऑनर, मिळालं. पण ते तीसेक वर्षांनी. सरकारी कामाची गती सगळीकडे सारखीच असावी.

नंतर त्याच्या हाती मेनच्या विसाव्या पलटणीचा ताबा आला. शेतकरी, लाकूडतोडे, कोळी अशी ती माणसं. त्याने त्यांच्याकडून इतकी कडक कवायत करून घेतली, की ती त्याचा मनापासून द्वेष करत. पुढे गेटिसबर्गच्या लढाईत याच पलटणीने एक टेकडी लढवून नाव कमावलं. तेव्हा एम्स दुसऱ्या तुकडीवर होता. १८६५ च्या जानेवारीत उत्तर कॅरोलायनातला फिशर किल्ला पडला, त्या हल्ल्यात तो एका डिव्हिजनचा प्रमुख होता. युद्ध संपलं तेव्हा वय एकोणतीस. लढायांबद्दल एवढं पुरे. कारण त्याची खरी लढाई ज्या मैदानावर झाली तिथे तोफा कमी होत्या आणि मतपेट्या जास्त.

युद्धानंतर दक्षिणेकडची हरलेली राज्यं पुन्हा संघराज्यात घ्यायची, तर कोणत्या अटींवर, हा मोठा वाद होता. शेवटी काँग्रेसने ठरवलं की जुन्या गुलामांना मताचा हक्क देणारी राज्यघटना करा, तोवर लष्कराचा अंमल राहील. १८६८ च्या जूनमध्ये मिसिसिपीचा हंगामी गव्हर्नर म्हणून लष्कराने एम्सला नेमलं. आधीचे गव्हर्नर साहेब जागा सोडायला तयार नव्हते, त्यांना शिपाई पाठवून बाहेर काढावं लागलं. दुसऱ्या वर्षी तिथल्या फौजेचाही तो प्रमुख झाला.

इथे थोडं थांबून हे राज्य कसं होतं ते सांगायला हवं. मिसिसिपी म्हणजे कापूस. नदीकाठची काळीभोर जमीन, मोठमोठे मळे आणि त्यावर राबणारे गुलाम. राज्यातल्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक माणसं काळी होती. म्हणजे ज्या दिवशी त्यांना मत मिळालं, त्या दिवशी बहुमत त्यांचं झालं. गोऱ्या मळेवाल्यांना नेमकं हेच पचत नव्हतं. आपल्या घोड्याची खोगीर कसणारा माणूस उद्या न्यायाधीश म्हणून समोर बसेल, ही कल्पना त्यांना असह्य होती. एम्स तिथे गेला तेव्हा त्याला या प्रश्नाबद्दल फारसं काही वाटत नव्हतं. तो शिस्तीचा शिपाई होता. पण कार्यालयात बसून रोज तक्रारी ऐकायच्या: अमक्याला झोडपलं, तमक्याला झाडाला टांगलं, साक्ष द्यायला कोणी पुढे येत नाही. पुढे त्यानेच सांगितलं, की या लोकांसाठी आपल्याला काही काम नेमून दिलेलं आहे, असं त्याला वाटू लागलं. त्याने काळ्या माणसांना सरकारी पदांवर नेमायला सुरुवात केली. ज्युरीत बसायला जातीचा रंग आड येणार नाही, असा हुकूम काढला.

१८७० मध्ये मिसिसिपी पुन्हा संघराज्यात आलं. त्या काळी सिनेटर लोकांच्या मतांनी नव्हे, तर राज्याच्या विधिमंडळाकडून निवडले जात. नव्या विधिमंडळात तीसेक काळे सभासद होते. त्यांनी दोघांना सिनेटवर पाठवलं. एक हायरम रेव्हेल्स, अमेरिकेच्या सिनेटमध्ये बसलेला पहिला काळा माणूस. दुसरा एम्स. गंमत अशी, की रेव्हेल्सच्या प्रवेशावर जसा वाद झाला तसा एम्सच्याही झाला. सिनेटर ज्या राज्याचा, त्या राज्याचा तो रहिवासी हवा, असं घटना सांगते. एम्स तर लष्कराच्या हुकमाने आलेला. वर आपल्या निवडीच्या दाखल्यावर गव्हर्नर म्हणून सही त्याचीच! समितीने कौल दिला की हा गृहस्थ मिसिसिपीचा रहिवासी नाही. त्याने सांगितलं की इथेच राहायचा माझा इरादा आहे. अखेर सिनेटने समितीचं मत बाजूला सारून १ एप्रिल १८७० रोजी त्याला आत घेतलं.

‘तू इथला आहेस का?’ हा प्रश्न त्याला पुढे आयुष्यभर चिकटला. युद्धानंतर उत्तरेतून दक्षिणेत आलेल्या लोकांना तिथले गोरे ‘कार्पेटबॅगर’ म्हणत. गालिच्याच्या जाड कापडाच्या पिशवीत सगळा संसार भरून आलेले, लुटून ती पिशवी भरून परत जाणारे, असा त्याचा अर्थ. आपल्या भाषेत ‘उपरे’. मला या शब्दाबद्दल थोडी जास्त उत्सुकता आहे, त्याचं कारण सांगतो. कविसंमेलनात माझी कविता झाली की कुणीतरी भला माणूस जवळ येतो, पाठीवर हात ठेवतो आणि म्हणतो, ‘तुमचं मराठी फार छान आहे हो, मूळचे कुठले तुम्ही?’ विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं. मीही हसून गावाचं नाव सांगतो. एम्सची आणि माझी बरोबरी नाही. तो खरोखरच बाहेरून आलेला होता. पण मिसिसिपीतल्या गोऱ्यांनी हा शब्द ज्या सोयीने वापरला ते पाहण्यासारखं आहे. उत्तरेतून आलेला जो व्यापारी त्यांच्या बाजूने मत देई, त्याला ते ‘पाहुणा’ म्हणत.

सिनेटमध्ये असतानाच, १८७० च्या जुलैत, त्याचं लग्न झालं. मुलगी ब्लँच बटलर, मॅसॅच्युसेट्सचे वजनदार पुढारी जनरल बेंजामिन बटलर यांची लेक. हुशार, फटकळ, चित्रं काढणारी. तिला मिसिसिपीचा उकाडा, डास आणि तिथल्या बायकांचा अबोला अजिबात मानवला नाही. उन्हाळा आला की ती मुलांना घेऊन उत्तरेला जाई. त्यामुळे इतिहासाचा मात्र फायदा झाला. नवराबायको दूर असल्याने सतत एकमेकांना पत्रं लिहीत आणि ती पत्रं टिकली. एम्सच्या मनात काय चाललं होतं, ते आपल्याला सरकारी कागदांपेक्षा या पत्रांतून जास्त कळतं.

१८७३ मध्ये त्याने गव्हर्नरपदाची निवडणूक लढवली. विरोधात उभा होता त्याच्याच पक्षाचा जेम्स अल्कॉर्न. हा जुना मळेवाला, एके काळी अनेक गुलामांचा मालक, युद्धानंतर रिपब्लिकन झालेला. काळ्यांना मत द्यावं, पण कारभार आपल्यासारख्या जाणत्या गोऱ्यांच्या हाती राहावा, असं त्याचं धोरण. मतदारांनी निकाल दिला: एम्सला सुमारे ७० हजार, अल्कॉर्नला सुमारे ५० हजार. एम्सबरोबर उपगव्हर्नर, राज्याचा सचिव आणि शिक्षण खात्याचा प्रमुख असे तिघे काळे अधिकारी निवडून आले. आठ-दहा वर्षांपूर्वी ज्या राज्यात काळ्या माणसाला अक्षर शिकवणं गुन्हा होता, तिथे शिक्षण खातं एका काळ्या माणसाकडे आलं होतं.

कारभार कसा होता? निर्मळ होता, असं म्हणणार नाही. शिक्षण खात्याच्या त्या प्रमुखावर अफरातफरीचे आरोप झाले, उपगव्हर्नरावर लाच घेऊन माफी दिल्याचे. जमिनीवरचा कर १८६९ च्या मानाने चौदापट झाला होता. गोऱ्या शेतकऱ्यांची ओरड अगदीच खोटी नव्हती. कापसाचा भाव पडलेला, त्यात हा कर. पण तो पैसा जात कुठे होता, तेही बघायला हवं. राज्यात सरकारी शाळा म्हणून काही नव्हतंच. ती सगळी व्यवस्था, गोऱ्यांच्या मुलांसाठीसुद्धा, या राजवटीत उभी राहिली. मोडलेले पूल, जळलेल्या इमारती बांधायच्या होत्या. एम्स स्वतः पैशाला चोख होता, हे त्याच्यावर टीका करणाऱ्या इतिहासकारांनीही मान्य केलं. त्याचा दोष वेगळा होता. तो लोकांत मिसळला नाही. उन्हाळ्यात राज्य सोडून उत्तरेला जाऊन राहिला. राजकारण म्हणजे हुकूम देणं आणि हुकूम पाळला जातो की नाही ते पाहणं, अशी त्याची शिपाईगिरीची समजूत शेवटपर्यंत गेली नाही. आणि आणीबाणी आली तर वॉशिंग्टन फौज पाठवेल, याबद्दल त्याला शंका नव्हती.

आणीबाणी आली १८७४ च्या डिसेंबरात. व्हिक्सबर्ग या नदीकाठच्या शहरात पीटर क्रॉस्बी नावाचा काळा शेरीफ होता. शेरीफ म्हणजे पोलीस तर खराच, शिवाय करवसुलीही त्याच्याच हाती. करदात्यांच्या संघाच्या काही शे हत्यारबंद लोकांनी त्याला घेरून राजीनामा लिहून घेतला. त्याला परत खुर्चीवर बसवायला ७ डिसेंबरला खेड्यापाड्यांतून काळे शेतकरी शहराकडे निघाले. वाटेत त्यांच्यावर गोळीबार झाला आणि पुढचे काही दिवस आसपासच्या वस्त्यांत शिकार चालली. काँग्रेसच्या चौकशीने २९ काळे आणि २ गोरे मेल्याचं नोंदवलं. खरा आकडा पुष्कळ मोठा असावा, असं अनेक जण मानतात. या वेळी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी फौज पाठवली. क्रॉस्बी पदावर परत आला. एम्सला वाटलं, यंत्रणा चालते आहे.

१८७५ मध्ये विधिमंडळाची निवडणूक होती. डेमोक्रॅटिक पक्षाने ठरवलं की ती जिंकायचीच. कशी? मतांनी तर जिंकता येणार नव्हती, बहुमत दुसरीकडे होतं. मग जी रीत वापरली तिला इतिहासात ‘मिसिसिपी प्लॅन’ असंच नाव पडलं. तोंडावर बुरखे घालून रात्री येणाऱ्या कु क्लक्स क्लॅनचे दिवस मागे पडले होते. आता सगळं उजेडात. गावोगाव घोडेस्वारांची पथकं उभी राहिली. रिपब्लिकन सभेला ही पथकं बंदुका घेऊन यायची आणि गुपचूप कडेला उभी राहायची. मळेवाले जाहीर करायचे की जो रिपब्लिकन पक्षाला मत देईल त्याला पुढच्या हंगामात काम नाही, उधारीवर धान्य नाही. वर्तमानपत्रं नावांच्या याद्या छापायची. मेलेली माणसं थोडी असली तरी चालतील, घाबरलेली पुष्कळ हवीत, असा तो हिशेब.

४ सप्टेंबरला क्लिंटन या गावी रिपब्लिकनांचा मेळावा होता. दीड-दोन हजार लोक, बायकापोरांसह. जेवणावळ, बँड, भाषणं. सौजन्य म्हणून पहिलं भाषण डेमोक्रॅटिक पक्षाच्या माणसाला करू दिलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. रिपब्लिकन वक्ता उभा राहिला आणि थोड्याच वेळात बाचाबाची, मग गोळ्या. काही गोरे मेले, काही काळे. त्यांत लहान मुलंही होती. त्यानंतरचे दोन-तीन दिवस आगगाडीने हत्यारबंद टोळ्या क्लिंटनला येत राहिल्या. शिकलेली, पुढारपण करणारी काळी माणसं घरोघर शोधून मारली. मेलेल्यांचा अंदाज तीस ते पन्नासचा. शेकडो माणसं शेतांतून, झाडीतून पळत जॅक्सनला, एम्सच्या दारात आली.

एम्सने ग्रँट यांच्याकडे फौज मागितली. ग्रँट तेव्हा न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर लाँग ब्रँच इथे उन्हाळी मुक्कामाला होते. त्यांनी अ‍ॅटर्नी जनरल पिअरपाँट यांना पत्र लिहिलं. दक्षिणेतल्या दर वर्षीच्या या शरद ऋतूतल्या दंग्यांना जनता कंटाळली आहे, असं त्यात एक वाक्य होतं. पण गरज पडली तर आपण मदत नाकारू शकत नाही, असाही त्या पत्राचा रोख होता. पिअरपाँट साहेबांनी एम्सला उत्तर पाठवताना कंटाळ्याचं वाक्य ठेवलं, मदतीचं गाळलं आणि वर उपदेश केला: आधी तुमच्या बळावर लढून दाखवा. जनता कंटाळली! दंगे कोणाच्या अंगावर चालले होते आणि कंटाळा कोणाला आला होता?

यामागचं कारण पुढे जॉन लिंच या मिसिसिपीच्या काळ्या खासदाराने लिहून ठेवलं. ग्रँट यांनी नंतर त्याला सांगितलं, की ओहायोतली मंडळी येऊन बसली होती. ऑक्टोबरमध्ये ओहायोची निवडणूक. मिसिसिपीत फौज पाठवलीत तर ओहायो हातचं जाईल, असं ती म्हणाली. आणि मिसिसिपी तर तसंही जाणारच आहे. फौज गेली नाही. ओहायो थोडक्या मतांनी राहिलं. तिथे गव्हर्नर म्हणून निवडून आलेले रदरफर्ड हेज हे वादग्रस्त निवडणुकीनंतर १८७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले, आणि दक्षिणेतल्या उरल्यासुरल्या राज्यांतून सैन्याचा आधार काढून घेतला तो त्यांनीच.

आता एम्सपुढे एकच वाट उरली: राज्याची स्वतःची शिबंदी उभी करायची. गोरे त्यात येईनात. म्हणजे काळ्यांच्या हाती बंदुका द्यायच्या. चार्ल्स काल्डवेल नावाचा एक काळा राज्य सिनेटर होता, पूर्वीचा गुलाम, धंद्याने लोहार. त्याने एक तुकडी उभी केली आणि ऑक्टोबरमध्ये ती घेऊन जॅक्सनहून तीस मैलांवरच्या एडवर्ड्स स्टेशनपर्यंत, क्लिंटनमधून, दिवसाढवळ्या ढोल वाजवत जाऊन आला. कोणी त्याला हात लावला नाही. हे दृश्य मला फार महत्त्वाचं वाटतं. पण या एका फेरीने राज्यभरचे गोरे पेटून उठले. त्यांच्याकडे नव्या, लांब पल्ल्याच्या बंदुका आणि युद्धात मुरलेली हजारो माणसं. एम्सकडे दोन तुकड्या. शिबंदीवर खर्च करायलाही कोर्टाने मनाई केलेली. पुढे गेलो तर कत्तल, मागे हटलो तर निवडणूक गेली.

वॉशिंग्टनहून आलेल्या एका मध्यस्थाने तडजोड घडवली. डेमोक्रॅटिक पक्षाचा प्रमुख जेम्स जॉर्ज याने शब्द दिला की निवडणूक शांततेत होईल. एम्सने शिबंदी मोडली, बंदुका कोठारात ठेवल्या. त्याला या शब्दावर विश्वास नव्हता, हे त्याच्या पत्रांवरून उघड दिसतं. त्याच आठवड्यात त्याने ब्लँचला लिहिलेल्या पत्रात म्हटलं की हत्यारांच्या जोरावर इथे क्रांती झाली आहे, एका वंशाचा मताचा हक्क गेला आहे, त्यांना पुन्हा वेठबिगारीत ढकललं जाणार आहे. हे दुसऱ्या गुलामगिरीचं युग असेल. त्याने वापरलेला शब्द हाच, गुलामगिरी. जोतीरावांच्या पुस्तकाला तेव्हा दोन वर्षं झाली होती.

त्याने लढायला हवं होतं का? मी अनेकदा विचार केला. अलीकडचे काही अभ्यासक म्हणतात की काल्डवेलसारख्या माणसांच्या मागे तो ठामपणे उभा राहिला असता, तर निदान वॉशिंग्टनला डोळेझाक करता आली नसती. असेल. पण मरणारी माणसं त्याच्या पलटणीतली पगारी शिपाई नव्हती. खेड्यातली, बायकामुलं असलेली, एकनळी बंदुका असलेली माणसं होती, आणि त्यांचे पुढारीच त्याला सांगत होते की आमच्या पोरांना या आगीत लोटू नका. बुल रनला गोळी खाऊन बसून राहिलेल्या माणसाला भित्रा म्हणवत नाही. मला इतकंच वाटतं, की ज्याचं काहीच पणाला लागलेलं नव्हतं त्या वॉशिंग्टनने ही निवड त्याच्यावर सोपवली, हाच खरा दगा.

निवडणूक नोव्हेंबरच्या सुरुवातीला झाली. ‘शांततेत’ झाली. अ‍ॅबरडीन गावात मतदान केंद्राकडे तोफेचं तोंड करून ठेवलं होतं. याझू जिल्ह्यात दोन वर्षांपूर्वी रिपब्लिकन पक्ष सहज जिंकला होता. या वेळी तिथे त्याला मतं पडली सात. सात हजार नव्हे, सातशे नव्हे, सात. राज्यभराचं एकच पद त्या वर्षी मतदानाला होतं, खजिनदाराचं. ते डेमोक्रॅटिक उमेदवार विल्यम हेमिंगवे याने सुमारे ३० हजारांच्या आघाडीने जिंकलं. (लुटारू उपऱ्यांना हाकलून आलेल्या या खजिनदाराच्या तिजोरीत १८९० मध्ये ३ लाख १५ हजार डॉलरची खोट निघाली. एम्सच्या काळातल्या कुठल्याही अफरातफरीपेक्षा ती कितीतरी मोठी होती.)

काल्डवेल डिसेंबरअखेर मारला गेला. क्लिंटनमधल्या एका ओळखीच्या गोऱ्याने नाताळनिमित्त त्याला दुकानाच्या तळघरात दोन घोट घ्यायला बोलावलं. पेल्याला पेला भिडला तो आवाज म्हणजे खूण होती. पाठीमागच्या खिडकीतून गोळी आली. मला बाहेर रस्त्यावर न्या, तळघरात कुत्र्यासारखं मरायचं नाही, असं त्याने सांगितलं. बाहेर आणल्यावर उरलेल्या गोळ्या घातल्या. हे सगळं त्याच्या बायकोने १८७६ मध्ये सिनेटच्या चौकशी समितीपुढे साक्षीत सांगितलं. त्या समितीचा अहवाल दोन जाडजूड खंडांचा आहे. त्यावर कारवाई काही झाली नाही.

नव्या विधिमंडळाने पहिलं काम काय केलं, तर काळ्या उपगव्हर्नरवर महाभियोग चालवून त्याला काढलं. न जाणो, एम्स गेला तर तोच गव्हर्नर व्हायचा. मग एम्सवर महाभियोग. आरोपांची यादी लांब होती, त्यात पैसे खाल्ल्याचा आरोप टिकण्यासारखा एकही नव्हता. वकिलांनी सौदा केला: आरोप मागे घ्या, तो राजीनामा देईल. २९ मार्च १८७६ रोजी तसंच झालं. एम्स मिसिसिपीतून निघाला. मेनमध्ये जन्मलेला हा माणूस आता चाळीस वर्षांचा होता.

तो गेला उत्तरेकडे मिनेसोटात, नॉर्थफिल्ड गावी. तिथे बापाची आणि भावाची पिठाची गिरणी होती. दैवाचा खेळ पाहा, त्याच सप्टेंबरात जेसी जेम्स आणि यंगर बंधू यांच्या प्रसिद्ध टोळीने नॉर्थफिल्डची बँक लुटायचा प्रयत्न केला. त्यातले बहुतेक दक्षिणेच्या बाजूने लढलेले. कोल यंगरने नंतर सांगितलं की ही बँक निवडली, कारण तिच्यात एम्सचा आणि त्याच्या सासऱ्याचा पैसा होता. बँकेचा कारकून जोसेफ हेवूड याने तिजोरी उघडायला नकार दिला आणि जीव गमावला. गावकऱ्यांनी गोळीबार करून टोळीचे दोघे टिपले. या दरोड्यावर अमेरिकेत चित्रपट निघाले. व्हिक्सबर्ग आणि क्लिंटनची नावं मात्र शाळकरी पोरांना कळायला शंभर वर्षं लागली.

पुढचं थोडक्यात सांगतो. धंदा केला, कल्पकतेने छोटीमोठी यंत्रं बनवली, १८९८ मध्ये स्पेनविरुद्धच्या युद्धात पुन्हा जनरल म्हणून क्युबाला जाऊन आला. म्हातारपणी हिवाळ्यात फ्लोरिडात शेजारी जॉन रॉकफेलर यांच्याबरोबर गोल्फ खेळायचा. १३ एप्रिल १९३३ रोजी वयाच्या ९७ व्या वर्षी वारला. मिसिसिपीत १८९० मध्ये नवी घटना झाली. मतदानासाठी कर आणि घटनेतलं कलम समजावून सांगण्याची परीक्षा, अशा अटी घातल्या. ती घडवणाऱ्यांत पुढे होता तोच जेम्स जॉर्ज, ज्याने शांततेचा शब्द दिला होता. राज्यातल्या काळ्या मतदारांची नोंद नऊ हजारांच्या आसपास येऊन ठेपली. १९३१ मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटलमध्ये मिसिसिपीने आपल्या दोन थोर पुरुषांचे पुतळे दिले. एक बंडखोर दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस, दुसरा हा जॉर्ज.

इतिहास कोणी लिहिला, तेही सांगायला हवं. विसाव्या शतकाच्या आरंभी कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक विल्यम डनिंग आणि त्यांचे विद्यार्थी यांनी या कालखंडाची जी मांडणी केली, तीच पाठ्यपुस्तकांत गेली: अडाणी काळे, लुटारू उपरे आणि बिचारे सोशीक गोरे. योगायोग असा, की १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब आंबेडकर त्याच विद्यापीठात शिकत होते आणि डनिंगही तेव्हा तिथेच शिकवत होते. या मांडणीला सडेतोड उत्तर दिलं ते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस या काळ्या विद्वानाने, १९३५ मध्ये. याच डुबॉइस यांना १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहिलं होतं.

आणि शेवटी एम्सची लेक. तिचंही नाव ब्लँच. जन्म १८७८ चा. चित्रकार, स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडलेली. १९५६ मध्ये सिनेटर जॉन केनेडी यांचं ‘प्रोफाइल्स इन करेज’ आलं. पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पुरस्कार मिळाला. त्यात मिसिसिपीच्या एका डेमोक्रॅट पुढाऱ्याचं कौतुक करताना केनेडींनी ओघात एम्सच्या कारभाराला काळं फासलं होतं. सगळं जुन्या पुस्तकांतून उचललेलं. ब्लँचबाई तेव्हा ७८ वर्षांच्या. त्यांनी केनेडींना पत्र लिहिलं: हे खोटं आहे, दुरुस्त करा. उत्तर आलं, पण दुरुस्ती नाही. त्यांनी पुन्हा लिहिलं, पुन्हा लिहिलं. केनेडी राष्ट्राध्यक्ष झाले, तरी पत्रं थांबली नाहीत. बाईंचा नातू जॉर्ज प्लिम्प्टन हा लेखक, केनेडींच्या ओळखीचा. एकदा व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्याला बाजूला घेतलं आणि आजीला जरा आवर म्हणून विनवलं. सरकारी कामकाज अडायला लागलंय.

आजीने आवरलं नाही. तिने स्वतःच सहाशेवर पानांचं बापाचं चरित्र लिहिलं. ते १९६४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच उन्हाळ्यात मिसिसिपीत काळ्या मतदारांची नावं नोंदवायच्या मोहिमेतल्या तीन तरुणांना, एक काळा आणि दोन गोरे, मारून मातीच्या बांधाखाली पुरलं गेलं होतं. मताचा हक्क बजावू देणारा केंद्राचा कायदा झाला पुढच्या वर्षी, १९६५ च्या ऑगस्टमध्ये. ब्लँचबाई तेव्हा ८७ वर्षांच्या होत्या.